बालपणीची विनोदी मालिका मोठेपणी पुन्हा पाहताना

काही महिन्यांपूर्वी मी लहानपणी अत्यंत आवडलेल्या एका विनोदी मालिकेचा एक भाग जवळजवळ पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहिला. त्यातला एक प्रसंग मला इतका लख्ख आठवत होता की तो येण्याच्या आधीच मी हसण्याच्या तयारीत बसले होते. बावळट शेजारी शिडीवर चढतो, खालचा माणूस नेमकी त्याच वेळी शिडी उचलून नेतो आणि शेजारी खिडकीला लोंबकळत राहतो. नवव्या-दहाव्या वर्षी हे दृश्य पाहताना हसून हसून माझी मुरकुंडी वळत असे. या वेळी प्रसंग आला आणि निघून गेला, पण हसू काही आले नाही. त्याच भागात थोडे पुढे, सगळा गोंधळ निस्तरल्यावर, आई आपल्या नवऱ्याला शांत आवाजात म्हणते, "तुम्ही मदत केली नसती तर आज सगळे लवकर आटोपले असते." हे वाक्य लहानपणी माझ्या कानावर पडले असेलच, पण मला ते मुळीच आठवत नव्हते. या वेळी मात्र त्या वाक्याला मी एकटीच मोठ्याने हसले.

असा अनुभव अनेकांना येतो आणि त्याची दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. कोणी म्हणते की जुन्या मालिकांसारख्या मालिका आता होतच नाहीत, तर कोणी म्हणते की लहानपणी आपल्याला काही कळत नव्हते म्हणून आपण कशालाही हसत होतो. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. लहान मूल कशालाही हसत नाही. कशाला हसावे याचे त्याचे नियम प्रौढांइतकेच काटेकोर असतात, फक्त ते वेगळे असतात. ते नियम वयाबरोबर कसे बदलतात, हे समजले की एकाच भागातला एक विनोद विझून दुसरा का उजळला, याचा बराचसा उलगडा होतो.

प्रथम या प्रकाराच्या बांधणीकडे पाहू. ज्याला आपण सिटकॉम म्हणतो त्या प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेत ठिकाण ठरलेले असते, माणसे ठरलेली असतात, दर भागात एक नवी अडचण उद्भवते आणि वीस-बावीस मिनिटांत ती सुटून सगळे पुन्हा मूळ जागी येतात. ऑक्टोबर १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेने ही पद्धत रूढ केली. खऱ्या प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा आणि तो एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित करायचा, ही तिची रीत पुढे कित्येक दशके चालली. या बांधणीतली महत्त्वाची गोष्ट अशी की पात्रे बदलत नाहीत. चिक्कू माणूस चिक्कूच राहतो, बढाईखोर माणूस दर आठवड्याला बढाया मारतो आणि दर आठवड्याला फजीत होतो. पाहणारा मात्र दर वर्षी एका वर्षाने मोठा होत असतो.

माणूस हसतो कशाला, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. इमॅन्युएल कांट याने १७९० मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा, की ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू फुटते. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये त्याच धाग्याला अधिक नेमके रूप दिले. त्यांच्या मते विनोद समजण्याच्या दोन पायऱ्या असतात. आधी काहीतरी विसंगत समोर येते आणि मन क्षणभर अडखळते, आणि मग ती विसंगती एखाद्या अनपेक्षित नियमाने जुळून येते आणि मन मोकळे होते. वरच्या उदाहरणात "तुम्ही मदत केली नसती तर" हे शब्द ऐकताना आपण आभाराच्या वाक्याची वाट पाहत असतो. वाक्याचा शेवट ती अपेक्षा उलटवतो, आणि नवऱ्याने दिवसभर घातलेला गोंधळ आठवला की ते वाक्य एकदम नेमके बसते.

यातला अडखळण्याचा क्षण फार महत्त्वाचा आहे. अडखळणे अजिबात झाले नाही तर हसू येत नाही आणि अडखळून माणूस तिथेच थांबला तरीही येत नाही. १९६० च्या दशकात एडवर्ड झिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या इयत्तांमधल्या मुलांना व्यंगचित्रे दाखवून अभ्यास केला. मुलांना सर्वांत जास्त हसू अगदी सोप्या चित्रांना आले नाही आणि अगदी अवघड चित्रांनाही आले नाही. ज्या चित्रांचा अर्थ त्यांच्या समजुतीच्या काठावर होता, म्हणजे थोडे डोके चालवले की कळत होता, ती त्यांना सर्वांत गमतीदार वाटली. पुढे पॉल मॅकगी यांनी मुलांच्या विनोदबुद्धीवर जे काम केले, त्यातही हाच विचार पायाभूत आहे. मूल एखादी नवी मानसिक क्षमता मिळवते तेव्हा त्या क्षमतेशी खेळणारा विनोद त्याला सर्वांत जास्त हसवतो, आणि ती क्षमता हातचा मळ झाली की तोच विनोद त्याला बाळबोध वाटू लागतो. या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, असे मला वाटते. हसू समजुतीच्या काठावर असते, आणि तो काठ वयाबरोबर पुढे सरकतो.

आता हा काठ विनोदी मालिकेला लावून पाहू. या मालिकांचे मुख्य इंधन गैरसमज हे असते. प्रेक्षकाला जे माहीत असते ते पात्राला माहीत नसते, आणि पात्र आपल्या चुकीच्या समजुतीप्रमाणे वागत सुटते. यातली गंमत समजण्यासाठी मुळात हे कळावे लागते, की दुसऱ्याच्या मनात आपल्या मनातल्यापेक्षा वेगळी आणि चुकीची समजूत असू शकते. ही क्षमता जन्मजात नसते. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मूलभूत मानला जातो. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल, असे विचारले असता तीन वर्षांची मुले साधारणपणे ते खरोखर जिथे आहे ते कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मुलांना कळू लागते, की तो बिचारा आपण ठेवले होते तिथेच शोधणार. याच्या पुढची पायरी, म्हणजे ‘तिला काय वाटते असे त्याला वाटते’ अशी दुहेरी गुंतागुंत, सहा-सात वर्षांच्या सुमारास जमू लागते, असे याच संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले.

सात-आठ वर्षांच्या मुलाला गैरसमजावर उभा असलेला भाग इतका का आवडतो, ते यावरून कळते. नवीन सायकल शिकलेले मूल जसे कारण नसताना फेऱ्या मारत राहते, तसेच दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची नवी शक्ती मिळालेले मूल ती शक्ती वापरायला मिळेल अशा प्रत्येक प्रसंगावर झडप घालते. "त्याला माहीतच नाही ना, की ती पडद्यामागे लपली आहे!" असे ओरडून सांगण्यात त्याला विलक्षण आनंद मिळतो. प्रौढ माणूस हेच काम दिवसभर, कार्यालयात आणि घरात, नकळत करत असतो. पडद्यामागे कोणीतरी लपले आहे, एवढ्याने त्याचे मन अडखळत नाही आणि अडखळत नाही म्हणून मोकळेही होत नाही.

उपरोधाची गोष्ट बरोबर उलटी आहे. बोलणारा उलट अर्थाने बोलतो आहे, हे मुलांना साधारण सहाव्या वर्षापासून ओळखू येऊ लागते, पण ओळखणे आणि त्यात गंमत वाटणे यांत बरेच अंतर असते. लहान मुलाला उपरोध पुष्कळदा फक्त खोटे किंवा दुष्ट बोलणे वाटते. शिवाय माझ्या उदाहरणातल्या आईच्या वाक्यामागे अनेक वर्षांचे सहजीवन आहे, त्यातला थकवा आहे आणि त्यातली माया आहे. हे सारे दहा वर्षांच्या मुलीकडे असणे शक्यच नव्हते. त्या वाक्यातली विसंगती मला तेव्हा दिसलीच नाही, म्हणून ते मला ऐकूही आले नाही.

प्रौढपणीही हा काठ स्थिर राहत नाही. विलिबाल्ड रूख यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये जर्मनीतल्या चार हजारांहून अधिक व्यक्तींच्या विनोदाच्या आवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय वाढत जाते तसा, ज्यात विसंगतीचा शेवटी नीट उलगडा होतो असा विनोद अधिक आवडू लागतो आणि ज्यात शेवटपर्यंत उलगडा होतच नाही असा निव्वळ अर्थशून्य विनोद कमी आवडू लागतो, असा त्याचा कल होता. किशोरवयात जे असंबद्ध संवाद आपण मित्रांमध्ये महिनोन्महिने म्हणत होतो, ते चाळिशीत ऐकताना "यात काय होते?" असा प्रश्न पडतो, त्याला हे एक कारण असावे.

दुसरे कारण अगदी साधे आहे. मोठेपणी आपण हजारो कथा पाहिलेल्या असतात. एकाच दिवशी दोघांना भेटण्याचे वचन देऊन बसलेला नायक, चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेले पत्र, लिफ्टमध्ये अडकलेले दोन शत्रू: या प्रसंगांशी लहानपणी आपली पहिली गाठ कुठल्या तरी एका मालिकेत पडली. त्यानंतर तेच प्रसंग इतक्या ठिकाणी वापरले गेले, की मूळ मालिका पुन्हा पाहताना तीच नक्कल वाटू लागते. जी मालिका जितकी प्रभावी, तितकी तिची नक्कल जास्त होते आणि तितकी ती पुढच्या पिढीला शिळी वाटते. हा त्या मालिकेवर मोठा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना विनोद पाहताना त्याचा काळ लक्षात ठेवणे हे प्रेक्षकाचे एक कर्तव्यच आहे, जरी केवळ लक्षात ठेवल्याने हसू येत नसले तरी.

आश्चर्याची जागा गेली तरी विनोदी मालिकेकडे दुसरे एक साधन शिल्लक राहते, ते म्हणजे ओळख. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की एखादी गोष्ट वारंवार समोर आली तर केवळ त्या परिचयानेच ती आवडू लागते. पात्रावर आधारलेला विनोद यावरच चालतो. बढाईखोर माणूस तोंड उघडतो त्याच क्षणी आपल्याला पुढचे माहीत असते, आणि तरीही हसू येते, किंबहुना माहीत असते म्हणूनच येते. येथे अपेक्षा भंगत नाही, ती पूर्ण होते. अशा विनोदाला पुनरावृत्तीने फारसा धक्का बसत नाही. आपण पुन्हा पाहताना एखाद्या पात्राच्या नुसत्या प्रवेशाला हसतो, तेव्हा जुन्या मित्राला पाहून चेहरा खुलतो तसेच काहीसे घडत असते.

इतका वेळ मी विनोद म्हणजे पडद्यावर घडणारी गोष्ट असे धरून लिहिले, पण हसण्याचा मोठा भाग पडद्याबाहेर घडतो. हसण्याचा अनेक वर्षे अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले, की टीव्ही किंवा तत्सम साधन समोर नसेल तर माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या जवळजवळ ३० पट इतरांसोबत असताना हसतो. त्यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातल्या सुमारे १,२०० हसण्यांच्या नोंदी केल्या, तेव्हा हसण्याच्या आधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी फार तर १० ते २० टक्के वाक्ये विनोदासारखी होती. बाकीची "बरं, निघतो मग" अशा जातीची होती. हसणे हे मुळात सोबतीचे चिन्ह आहे, आणि विनोद हे त्याचे एक निमित्त आहे.

मालिका तयार करणाऱ्यांना हे फार लवकर कळले होते. ‘द हँक मॅक्कून शो’ या १९५० मधल्या अमेरिकन मालिकेत मुद्रित हशा वापरला गेला. हीच त्या प्रथेची सुरुवात मानली जाते. त्यानंतर सीबीएस वाहिनीतले ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यांनी एक यंत्र तयार केले. त्यात टंकलेखन यंत्रासारख्या कळा होत्या, आणि कळ दाबली की स्मितापासून गडगडाटी हास्यापर्यंत हवा तसा हशा वाजत असे. घरात एकट्या बसलेल्या प्रेक्षकाला आपण सभागृहात आहोत असे वाटावे, हा त्यामागचा हेतू होता. युद्धभूमीवरच्या रुग्णालयात घडणाऱ्या ‘मॅश’ या मालिकेच्या निर्मात्यांनी शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तरी हशा नको, असा आग्रह धरून तो मान्य करून घेतला, आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका दाखवताना हशाची पट्टी वगळली. दोन्ही रूपे पाहिली तर तीच मालिका हशाविना कितीतरी गंभीर आणि उदास वाटते.

हा हशा खरेच काम करतो का? सोफी स्कॉट आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पांचट विनोद घेतले आणि त्यांच्या शेवटी कधी ओढूनताणून हसल्याचा तर कधी मनापासून हसल्याचा आवाज जोडला. हसण्याचा आवाज जोडला की ऐकणाऱ्यांना विनोद अधिक गमतीदार वाटले, आणि हसणे उत्स्फूर्त असेल तर परिणाम आणखी वाढला. मात्र हसणारे कोण आहेत यालाही महत्त्व असते. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विनोदी कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. ध्वनिमुद्रणातला हशा आपल्याच विद्यापीठातल्या श्रोत्यांचा आहे असे ज्यांना सांगितले होते ते हशाबरोबर अधिक हसले, आणि तोच हशा परक्या गटाचा आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यावर त्याचा तसा परिणाम झाला नाही.

आता बालपणीचे पाहणे आठवा. मालिका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी लागत असे. घरातली सगळी माणसे एकत्र बसत, एकाचे हसू दुसऱ्याला लागत असे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच संवाद पुन्हा म्हटले जात. मोठेपणी आपण तोच भाग रात्री उशिरा, एकटे, हातातल्या लहान पडद्यावर, कानात इअरफोन घालून पाहतो, आणि मग निकाल देतो की ही मालिका आता विनोदी वाटत नाही. ही तुलनाच न्याय्य नाही. तेव्हा आपण मालिका आणि माणसे मिळून हसत होतो, आता फक्त मालिका उरली आहे. शिवाय मुद्रित हशासुद्धा आता परक्या गटाचा झालेला असतो. कित्येक वर्षांपूर्वीचे कोण कुठले लोक हसत आहेत, असे वाटून तो कानाला टोचतो.

स्मृतीचाही यात हात आहे. शंभर-दीडशे भागांच्या मालिकेतले आपल्याला चार-पाच प्रसंग आठवतात आणि ते अर्थातच सर्वोत्तम असतात. मनातली मालिका ही त्या प्रसंगांचीच बनलेली असते. प्रत्यक्ष भाग लावला की मधली रेंगाळणारी मिनिटेही सोबत येतात. त्यात भर म्हणजे साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळातल्या आठवणी उतारवयातही इतर काळापेक्षा अधिक संख्येने आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार आढळले आहे. त्यामुळे त्या वयात पाहिलेल्या गोष्टींना एक वेगळेच तेज चढते. गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत आणि इतर युरोपीय भाषांत जो ‘नॉस्टॅल्जिया’ शब्द आहे, तो १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने एका आजाराचे नाव म्हणून घडवला होता. घरापासून दूर असलेल्या माणसांना होणारी ही व्याधी आहे, असे त्याचे म्हणणे होते. आजचे मानसशास्त्र तिला आजार मानत नाही. ही भावना बहुतेकांना अधूनमधून होते आणि तिने एकटेपणा कमी झाल्यासारखा वाटतो, असे आढळले आहे. जुनी मालिका पाहताना मनाला जी ऊब मिळते ती खरी असते, मात्र ऊब म्हणजे हसू नव्हे. पुष्कळदा आपण "अजूनही किती विनोदी आहे!" असे म्हणतो तेव्हा खरे तर "पुन्हा पाहून किती बरे वाटले!" असे म्हणत असतो.

आता सर्वांत अवघड भागाकडे येते. काही विनोद विझत नाहीत, ते टोचू लागतात. सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने म्हटले होते, की दुसऱ्याच्या उणिवेपुढे आपण अचानक मोठे वाटू लागतो, त्या आनंदातून हसू येते. सगळ्या हसण्याला हे लागू होत नाही, पण पुष्कळशा मालिकांना होते. जाड माणूस, तोतरा माणूस, वेगळ्या उच्चाराने बोलणारा परदेशी माणूस, लग्न न झालेली बाई ही पात्रे अनेक मालिकांत केवळ हसे करून घेण्यासाठी आणलेली असत. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, काहीतरी चुकीचे घडते आहे आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, असे दोन्ही एकाच वेळी वाटले तर हसू येते. लहानपणी पडद्यावरचा तो तोतरा माणूस निरुपद्रवी वाटतो, कारण त्याच्या जागी कोणी खरा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. मोठेपणी तसा एखादा मित्र, एखादा सहकारी, कधी आपले स्वतःचे मूलही आपल्या आयुष्यात असते. पडद्यावर घडणारे तेच असते, पण ते आता निरुपद्रवी राहिलेले नसते, आणि सिद्धांतातला अर्धा भाग गळून पडला की हसूही गळून पडते.

हा बदल केवळ काळाचा नाही, वयाचाही आहे. अमेरिकेत जेनिफर स्टॅन्ली यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींना ‘द ऑफिस’, ‘द गोल्डन गर्ल्स’ आणि ‘मिस्टर बीन’ अशा मालिकांमधील दृश्ये दाखवली होती. दुसऱ्याला कमी लेखणारा बोचरा विनोद तरुणांना जितका भावला तितका वृद्धांना भावला नाही. वृद्धांचा कल माणसांना जवळ आणणाऱ्या विनोदाकडे होता.

कधी कधी निर्मात्यांचेच मन बदलते. १९९४ ते २००४ या काळात चाललेल्या ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या एक निर्मात्या मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले, की मालिकेत सर्व मुख्य पात्रे गोरी ठेवली याची त्यांना खंत वाटते. त्यांनी ब्रँडाइस विद्यापीठाला आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी विषयांच्या अध्यासनासाठी ४० लाख डॉलर देण्याचेही जाहीर केले. ब्रिटनमधल्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या अवघ्या १२ भागांच्या मालिकेतला, १९७५ मध्ये दाखवलेला जर्मन पाहुण्यांचा भाग कार्यक्रम ऑनलाइन दाखवणाऱ्या एका सेवेने जून २०२० मध्ये त्यातल्या वंशवाचक शब्दांमुळे काढून टाकला, आणि टीकेनंतर सूचनेसह पुन्हा ठेवला. माझे मत असे आहे, की जुने भाग पुसून टाकू नयेत, पण ते आता हसवत नाहीत असे म्हणणाऱ्याला विनोदबुद्धी नाही, असेही म्हणू नये. त्याला विनोद कळलेला असतो, आणि तो नेमका कोणाच्या जिवावर केलेला आहे हेही कळलेले असते.

याच्याशी जोडलेला, पण अधिक कोवळा बदल म्हणजे आपण कोणाच्या बाजूने पाहतो हा. लहानपणी आपण मालिकेतल्या खोडकर मुलाच्या बाजूने असतो आणि ओरडणारा बाप आपल्याला हास्यास्पद वाटतो. मोठेपणी नोकरीवरून दमून आलेला तो बाप आपल्याला एकदम दिसू लागतो, त्याची बिलाची चिंता कळते, आणि खोडकर मुलगा थोडा अति वाटू लागतो. काही मालिका तर मुळातच प्रौढांसाठी होत्या. ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही व्यंगचित्र मालिका १९६० मध्ये अमेरिकेत संध्याकाळच्या, प्रौढांच्या वेळेत सुरू झाली, ती ‘द हनीमूनर्स’ या १९५० च्या दशकातल्या प्रौढांच्या मालिकेच्या वळणावर बेतलेली होती, आणि सुरुवातीला तिच्या प्रायोजकांत सिगारेटची कंपनीही होती. जगभरच्या मुलांनी ती पुढे मुलांची मालिका म्हणून पाहिली. अशी मालिका मोठेपणी पुन्हा पाहणारा माणूस खरे तर ती पहिल्यांदाच पाहत असतो.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच आहे, की ज्या कथा माणसांची चुकामूक होण्यावर उभ्या होत्या त्या मोबाइल आल्यानंतर लटक्या पडल्या. ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन मालिकेतला १९९१ चा एक पूर्ण भाग उपाहारगृहात जागा मिळण्याची वाट पाहण्यावर आणि तिथल्या सार्वजनिक फोनची वाट पाहण्यावर आहे. तरीही तो आज कंटाळवाणा वाटत नाही, कारण त्यातला अधीरपणा खरा आहे. फोन बदलला तरी ताटकळणे बदललेले नाही.

मग टिकते काय? शारीरिक विनोद बालिश असतो म्हणून लवकर मरतो, असा एक समज आहे आणि माझा शिडीचा अनुभव त्याला पुष्टी देणारा वाटेल. पण ‘आय लव्ह लूसी’ मधला सप्टेंबर १९५२ चा चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग मी मोठेपणीच पहिल्यांदा पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लूसी आणि तिची मैत्रीण सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटे कागदात गुंडाळत असतात. पट्ट्याचा वेग वाढतो, एकही चॉकलेट तसेच पुढे गेले तर नोकरी जाणार असते, म्हणून त्या ती तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबू लागतात. आणि ही लपवाछपवी न कळल्याने, काम छान चालले आहे असे समजून, देखरेख करणारी बाई पट्टा आणखी वेगाने सोडायला सांगते. आँरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० मध्ये हास्यावरच्या आपल्या पुस्तकात म्हटले होते, की जिवंत माणसावर यांत्रिकपणाचा थर चढलेला दिसला की आपण हसतो. हा प्रसंग त्या विचाराचे जणू प्रात्यक्षिकच आहे.

शिडीच्या प्रसंगात माणूस फक्त लोंबकळतो. चॉकलेटच्या प्रसंगात दोघींना काहीतरी हवे आहे, त्या काहीतरी लपवत आहेत, आणि त्यांच्या शरीराची सारी धडपड त्या इच्छेतून आणि भीतीतून निघते. कामाचा वेग हाताबाहेर जात असताना सगळे सुरळीत असल्याचा आव आणणे हा अनुभव लहान मुलाला फारसा नसतो. नोकरी करणाऱ्या माणसाला तो रोजचा असतो. म्हणून तो प्रसंग मुलाला एका थरावर हसवतो आणि प्रौढाला दोन थरांवर. ‘मिस्टर बीन’ या मालिकेचे मूळ भाग अवघे १५ आहेत आणि त्यांत संवाद जवळजवळ नाहीतच. तरीही लहान मुले आणि त्यांचे आजी-आजोबा एकाच सोफ्यावर बसून ती पाहू शकतात. प्रत्येक प्रसंगात बीनला एक अगदी क्षुल्लक गोष्ट मनापासून हवी असते, आणि ती मिळवण्यासाठी तो वाटेल ते करतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

आपली आवडती मालिका खरोखर अजून हसवते का, हे ज्याला तपासायचे असेल त्याने तोंडपाठ असलेला भाग निवडू नये. त्याच मालिकेतला कधीच न पाहिलेला, किंवा पूर्ण विसरलेला भाग निवडावा, म्हणजे आठवणीचे ओझे कमी होते. तो एकट्याने पाहू नये. शक्य असेल तर ज्याने ती मालिका कधीच पाहिलेली नाही अशा माणसासोबत पाहावा, आणि कुठे हसू आले याबरोबर कुठे नुसती ऊब वाटली, हेही स्वतःशी प्रामाणिकपणे वेगळे नोंदवावे. लहान मूल सोबत असेल तर उत्तम.

मी तो शिडीचा भाग नंतर माझ्या नऊ वर्षांच्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला. शेजारी खिडकीला लोंबकळला तेव्हा ती इतकी हसली की सोफ्यावरून खाली घसरली, आणि तिला पाहून, या वेळी, मीही हसले. आईचे ते वाक्य आले तेव्हा मी हसले आणि तिने वळून विचारले, "मावशी, यात हसण्यासारखे काय आहे?" मी तिला समजावून सांगितले, नवऱ्याने दिवसभर काय गोंधळ घातला होता त्याची आठवण करून दिली. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले, मान डोलावली, आणि शिडीचा प्रसंग पुन्हा लाव म्हणाली.